तरसाची भूक कुणाच्या हिशेबात?

नाशिकहून आलेले हे पत्र आहे. पत्रलेखिकेच्या इच्छेनुसार नाव गाळले आहे आणि मजकूर थोडा आटोपशीर केला आहे.

“माझा मुलगा सात वर्षांचा आहे. ‘द लायन किंग’ हा १९९४चा जुना चित्रपट त्याने हिंदीतून इतक्या वेळा पाहिला आहे की त्यातले संवाद त्याला पाठ आहेत. दिवाळीत माझे धाकटे दीर आले होते, ते कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतात. पंधरा मिनिटे चित्रपट पाहून ते म्हणाले, ‘वहिनी, पोराला हे काय दाखवता? राजाच्या पोटी जन्मला म्हणून राजा, आणि नकोसे झालेले वेशीबाहेर. ही सरळसरळ वर्णव्यवस्था आहे.’ सासऱ्यांना ते रुचले नाही. वडिलांविषयी आदर, कर्तव्य, सत्याचा विजय असे सगळे चांगलेच त्यात आहे आणि मुलांच्या चित्रपटात राजकारण शोधणे हा रिकामटेकडा उद्योग आहे, असे त्यांचे मत. तेव्हापासून तो चित्रपट लागला की घरात शब्दाला शब्द लागतो. मी तो बंद करावा का? आणि एक. सोसायटीतली मुले हल्ली पार्किंगमध्ये हाच खेळ खेळतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचा मुलगा सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर येतो, तो नेहमी तरस असतो. त्याने पिवळ्या पट्ट्याच्या आत यायचे नाही, असा नियम आहे. तो हसत खेळतो, म्हणून मी काही बोलले नाही.”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला शेवटचा भाग ‘आणि एक’ म्हणून आला आहे, पण मी तो तीन वेळा वाचला आणि पत्र खरे तिथेच सुरू होते असे मला वाटले. तिथपर्यंत जायचे तर वाट चित्रपटातूनच जाते, कारण तुमचे दीर आणि सासरे यांच्यापैकी एकालाही तुम्ही सरळ खोटे पाडू शकत नाही, आणि माझी तशी इच्छाही नाही.

सासऱ्यांच्या एका म्हणण्याला मात्र आधीच हरकत घेते. प्राण्यांच्या गोष्टीत राजकारण नसते, हे निदान आपल्याकडे तरी कुणी म्हणू नये. पंचतंत्र ही राजपुत्रांना राज्यकारभार शिकवण्यासाठी रचलेली प्राणिकथाच आहे. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्या मैत्रीत दमनक नावाचा कोल्हा विष कालवतो, सिंहाकडून बैलाला मारवतो आणि शेवटी मंत्रिपद पटकावतो. त्याला शिक्षा होत नाही. पुढे आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ही कथा अरबीत नेली, तेव्हा त्या दुष्टाचा रीतसर खटला भरून त्याला शासन करणारे एक प्रकरणच जोडले गेले. म्हणजे मुलांच्या हाती कोणती प्राणिकथा द्यावी आणि तिचा शेवट कसा असावा, याची मोठ्यांना पडलेली चिंता बाराशे वर्षांहून जुनी आहे. तुमच्या दिवाणखान्यातला वाद त्याच परंपरेतला आहे, तेव्हा त्याचा फार त्रास करून घेऊ नका.

या चित्रपटात जे चांगले आहे ते खरोखर चांगले आहे, आणि ते सासरे सांगतात त्याहून थोडे निराळे आहे. वडिलांविषयीचा आदर पुष्कळ चित्रपटांत असतो. इथली विलक्षण गोष्ट अशी, की एक मोठा माणूस, म्हणजे स्कार हा सख्खा काका, सिंबा या लहान मुलाला पटवून देतो की बाप तुझ्यामुळे मेला, तू इथून निघून जा आणि परत येऊ नकोस. मूल ते खरे मानते, पळते आणि त्या खोट्या अपराधाच्या ओझ्याखालीच मोठे होते. मोठ्यांचे पाप लहानांच्या माथी मारले जाते आणि लहान ते मुकाट्याने वाहतात, ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे सात वर्षांच्या मुलापुढे ठेवणारे चित्रपट थोडे आहेत. तुमचा मुलगा हा भाग कसा पाहतो, तेव्हा काही विचारतो की गप्प होतो, याकडे जरूर लक्ष द्या. घरातल्या किंवा ओळखीतल्या एखाद्या मोठ्या माणसाने ‘हे कुणाला सांगू नकोस, चूक तुझीच आहे’ असे म्हटले तर काय करायचे, हे बोलायला याहून चांगली संधी तुम्हाला मिळणार नाही.

आता दिरांचा मुद्दा. जन्मसिद्ध राज्याबद्दल त्यांचे निरीक्षण बरोबर आहे, पण ते वरवरचे आहे. राजाचा मुलगा राजा होतो हे प्रत्येक परीकथेत असते आणि मुले ते खेळातल्या नियमासारखे सोडून देतात. चित्रपट जे तोंडाने सांगतो ते मुलाला ऐकू येते, पुढे कधीतरी तो त्यावर वादही घालू शकतो. जे सांगण्याची चित्रपटाला गरजच वाटत नाही, ते न बोलता आत जाऊन बसते. म्हणून सुरुवातीचा तो उंच खडकावरचा प्रसंग पुन्हा पाहा. राजा मुफासा आपल्या मुलाला, सिंबाला, सांगतो की प्रकाश जिथवर पोहोचतो तिथवर आपले राज्य. मुलगा विचारतो, मग ती पलीकडची सावलीतली जागा? उत्तर मिळते की ती आपल्या हद्दीपलीकडे आहे, तिथे कधीही जायचे नाही. का जायचे नाही, तिथे कोण राहते, ते तिथे कसे पोहोचले, यातले काहीही कुणी सांगत नाही. थोड्याच वेळात राजाच्या सेवेतला झाझू हा पक्षी बातमी देतो की तरस राज्यात शिरले आहेत. त्यांनी काय केले हे तो सांगत नाही, कारण शिरणे हाच गुन्हा आहे. मूळ इंग्रजीत झाझू त्यांना चोरटे शिकारी म्हणतो. सिंहाने हरीण मारले तर ते निसर्गाचे चक्र आणि तेच तरसाने मारले तर चोरी, हा भेद चित्रपटात कुठेही समजावून दिलेला नाही. दिरांनी बोट ठेवायला हवे होते ते इथे.

त्या चक्राबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण चित्रपटाची सगळी नैतिक इमारत त्यावर उभी आहे. मुफासाचे स्पष्टीकरण असे, की हरणे गवत खातात, आपण हरणे खातो, पण आपण मेलो की आपल्या देहाचे गवत होते, म्हणून सगळे एकमेकांशी जोडलेले आहेत. ऐकायला सुंदर आहे, आणि मांसाहार व मृत्यू यांविषयी मुलांशी खरे बोलणारे असे वाक्य मुलांच्या चित्रपटात क्वचित येते. पण मेलेल्या देहाचे गवत आपोआप होत नाही. मधे कुणीतरी ते मढे खातो, हाडे फोडतो, सडणारे संपवतो. आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात हे काम करणाऱ्यांत तरस आघाडीवर आहे. म्हणजे जो प्राणी ते चक्र पूर्ण करतो, त्यालाच चित्रपटाने चक्राबाहेर, हत्तींच्या हाडांच्या ढिगात नेऊन बसवले आहे.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे पाहताना गाव आठवते, यात तुमच्या दिरांचा दोष नाही. मेलेली ढोरे ओढण्याचे काम ज्यांच्यावर लादले, त्यांनाच त्या कामासाठी अपवित्र ठरवून वेशीबाहेर ठेवले, हा आपला इतिहास आहे. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी ती ढोरे ओढू नका, ते मांस खाऊ नका, असे सांगितले, ते या व्यवस्थेला उद्देशूनच. मात्र इथे मी दिरांपासून थोडी वेगळी होते. चित्रपट काढणाऱ्यांच्या डोक्यात आपले गाव नव्हते, आणि ‘तरस म्हणजे अमुक लोक’ असे समीकरण मांडून आपण चित्रपटाची चूक सुधारत नाही, उलट त्या लोकांना पुन्हा एकदा जनावराच्या जागी नेऊन ठेवतो. शिवाय ते समीकरण पुढे नेले तर चालतही नाही. प्राणी म्हणजे समाजातले वर्ग असे धरले तर राजाचे प्रजाजन हे राजाचे जेवण ठरतात. सुरुवातीलाच झेब्रे आणि हरणे नवजात छाव्यापुढे माना लववतात, तेव्हा त्या माना कुणापुढे लवल्या आहेत ते आठवावे. तुमच्या मुलाने अजून विचारले नसेल, पण एखाद्या दिवशी विचारेलच की हा मोठा झाल्यावर त्यांना खाणार, मग ते नमस्कार का करतात? त्या वेळी चक्राची गोष्ट सांगून वेळ मारून नेऊ नका. प्रश्न चांगला आहे एवढे म्हटले तरी पुरे.

चित्रपटाचे खरे राजकारण मला मधल्या गाण्यात दिसते, जिथे स्कार तरसांना फितवतो. उंच कड्यावर तो उभा आहे आणि खालून तरसांच्या रांगा ताठ पाय टाकत जातात. नाझींच्या न्यूरेंबर्ग मेळाव्यावरच्या प्रचारपटातली दृश्ये समोर ठेवून हा प्रसंग रचला आहे आणि चित्रपट काढणाऱ्यांनी ते लपवलेले नाही. म्हणजे हुकूमशहा कसा उभा राहतो हे त्यांना मुलांना दाखवायचे होते, आणि त्यातला एक भाग त्यांनी अचूक पकडला. स्कारचे वचन काय, तर माझ्याबरोबर राहा, पुन्हा उपाशी राहणार नाही. भुकेल्याला भाकरीचे वचन देऊन कुणीतरी आपली खुर्ची मिळवतो, हे जगभर घडले आहे. पण भूक आली कुठून, हा पुढचा प्रश्न चित्रपट विचारत नाही. ज्या न्यायी राजाच्या राज्यात सगळे जोडलेले होते त्याच राज्याच्या कडेला ही उपासमार चालू होती, आणि स्कार येण्यापूर्वीपासून चालू होती.

पुढे स्कारच्या राज्यात तरस आत येतात, कळप निघून जातात, पाणी आटते, जमीन करपते. सिंबा परततो, वीज पडते, पाऊस येतो. ‘राजा कालस्य कारणम्’ हे आपल्यालाही जुनेच परिचित आहे, त्यामुळे खरा राजा आला की पाऊस पडतो याचे आपल्याला नवल वाटत नाही. पण दुष्काळाचे कारण म्हणून डोळ्यांपुढे काय येते ते पाहा: बाहेरचे आत आले, खाणारी तोंडे वाढली, आणि आमचे पाणी संपले. ‘लोंढे’ हा शब्द ज्यांनी आपल्या शहरांतल्या निवडणुकांत ऐकला आहे त्यांना हा युक्तिवाद नवा नाही. शेवटी स्कार तरसांवरच खापर फोडतो आणि तरस त्याला संपवतात. त्यानंतर तरसांचे काय झाले? ते परत हाडांकडे गेले, की त्यांनाही थोडी जागा मिळाली? चित्रपटाला तो प्रश्नच पडत नाही, आणि पावसाच्या आनंदात आपणही विसरतो.

जंगलातला कारभार खरोखर असा असता तर एक वेळ समजून घेता आले असते. १९६०च्या दशकात हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरोत रात्री जागून ठिपकेदार तरसांचा अभ्यास केला, तेव्हा आढळले की ते आपले बहुतेक अन्न स्वतः शिकार करून मिळवतात, आणि सकाळी मढ्यावर बसलेला सिंह पुष्कळदा तरसांची शिकार हिसकावून खात असतो. नर सिंहाची सत्ता सहसा दोन-तीन वर्षे टिकते. नवे नर आले की आधीच्यांचे बच्चे मारतात, आणि वयात आलेल्या नराला स्वतःच्या कळपात जागा नसते. कळप वर्षानुवर्षे चालवतात त्या सिंहिणी. वडिलांकडून मुलाकडे जाणारी गादी सिंहांत नाहीच. गंमत अशी की जन्माने मान मिळण्याची पद्धत तरसांत आहे, आणि तीही आईकडून. तिथे कळपाची प्रमुख मादी असते आणि तिच्या पिलांना तिच्या खालोखाल दर्जा मिळतो. बर्कलीच्या विद्यापीठातल्या तरसांची रेखाटने करायला चित्रकार गेले होते, तरी ही माहिती पटकथेत शिरली नाही. स्कारची काळी आयाळही तशीच. गडद आयाळीचा नर सिंहिणींना अधिक पसंत पडतो, पण पडद्यावर काळेपणा दुष्टाच्या वाट्याला आला, आणि हे मात्र आपल्याकडच्या घरांत कुणाला खटकत नाही.

अमेरिकेत त्या वेळी टीका झाली ती तरसांच्या आवाजांवर. शेन्झीला व्हूपी गोल्डबर्ग आणि बान्झाईला चीच मारिन यांचे आवाज असल्याने शहरातल्या गरीब काळ्या आणि लॅटिनो वस्त्यांची ती बोली आहे, असे अनेकांना वाटले. पण मुफासाचा तो धीरगंभीर आवाजही जेम्स अर्ल जोन्स या काळ्या नटाचाच आहे, त्यामुळे हा आरोप सरळ रेषेत जात नाही. तुमचा मुलगा हिंदीतून पाहतो, त्याच्या कानांपर्यंत हा वाद पोहोचणारही नाही. २०१९च्या नव्या आवृत्तीत हिंदीतल्या मुफासाला शाहरुख खान यांचा आणि सिंबाला त्यांचे चिरंजीव आर्यन यांचा आवाज दिला गेला, म्हणजे घराणेशाहीची कथा बापलेकांनीच सांगितली. एवढा विनोद मला करू द्या.

एक गोष्ट मुलापेक्षा तुमच्यासाठी सांगते. टिमोन आणि पुम्बा हे सिंबाचे मित्र जे ‘अविमबवे’चे गाणे गुणगुणतात, ते मुळात दक्षिण आफ्रिकेतल्या सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९मध्ये ‘म्बुबे’ म्हणजे ‘सिंह’ या नावाने ध्वनिमुद्रित केले होते. त्याच्या हाती फार थोडे पडले आणि १९६२मध्ये तो गरिबीतच गेला. त्याच्या मुलींना न्यायालयात जावे लागले, आणि २००६मध्ये तडजोड होऊन त्यांना मोबदला मिळाला. शिकार एकाची आणि खाणारा दुसरा, हे क्रूकने पाहिलेले दृश्य पडद्याबाहेरही घडत असते. चित्रपटाची नीती पाहायची तर पैसा कुणाकडे गेला हेही पाहावे, असे मला वाटते.

दिरांना आणखी एक निरोप द्या. २०२४च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ‘मुफासा’मध्ये त्याच कंपनीने मुफासाला पोरका, राजघराण्याबाहेरचा छावा दाखवले आहे आणि राजाचा मुलगा म्हणून जन्मलेला टाका हाच पुढे स्कार होतो. म्हणजे जन्माचा आक्षेप तीस वर्षांनी का होईना, घरच्यांनाच बोचला असावा. वेशीचा प्रश्न मात्र अजून आहे तिथेच आहे.

तेव्हा चित्रपट बंद करावा का? नको. बंद केला तर मुलाला एवढेच कळेल की काकांना तो आवडत नाही आणि आजोबांना आवडतो, आणि तो आजोबांच्या खोलीत जाऊन पाहील. त्यापेक्षा एकदा त्याच्या शेजारी बसून पाहा. थांबवून थांबवून शिकवू नका, मुलांना त्याचा मनस्वी कंटाळा येतो. सावलीतल्या जागेचा प्रसंग आला की ‘तिथे ते काय खात असतील रे?’ एवढेच विचारा आणि उत्तराची घाई करू नका. आपल्याकडेही पुणे-सोलापूरच्या माळरानांवर पट्टेरी तरस आहे. तो चित्रपटातल्या ठिपकेदार तरसापेक्षा लाजरा आणि एकटा राहणारा, पण मेलेले निपटण्याचे काम तोही करतो. त्याची छायाचित्रे मुलाला दाखवा.

पार्किंगमधल्या खेळाबाबत मात्र मी इतकी सबुरीने बोलणार नाही. तो मुलगा हसतो म्हणून सगळे ठीक आहे असे तुम्ही धरून चाललात, ते मला पटत नाही. ज्या घरात आपली आई काम करते तिथल्या मुलांबरोबर खेळायला मिळावे म्हणून मूल पुष्कळ गोष्टी हसत करते. चित्रपटाने या मुलांना हद्द आखायला शिकवले असेल, पण हद्दीपलीकडे कुणाला उभे करायचे हे त्यात कुठेही सांगितलेले नाही. ते त्यांना आधीच ठाऊक होते. कुणाचा चहा कोणत्या कपात दिला जातो, कोण सोफ्यावर बसते आणि कोण जमिनीवर, हे मुले चित्रपटापेक्षा जास्त वेळा आणि जास्त जवळून पाहतात. तुमच्या घरात असे काही आहे का, हे मला ठाऊक नाही. असेल तर दिरांनी तेही पंधरा मिनिटे पाहावे.

मुलांना गोळा करून समतेवर बोलू नका, आणि त्या मुलाच्या देखत तर मुळीच नको. नुसते ‘तो बिचारा नेहमी तरस होतो’ म्हटले तरी तो साऱ्यांसमोर बिचारा होईल आणि पुढच्या रविवारी येणार नाही. त्यापेक्षा खेळाचा नियम बदला, आणि तो बदलायला आपल्या भाषेनेच सोय करून ठेवली आहे. लपाछपीत ज्याच्यावर डाव येतो त्याच्यावर ‘राज्य आले’ असे आपण म्हणतो. मराठी मुलांच्या खेळात राज्य ही मिरवायची वस्तू नाही, ती आळीपाळीने प्रत्येकाच्या डोक्यावर येणारी कटकट आहे आणि जो तो त्यातून सुटायला पाहतो. तुमच्या मुलांनी हा एक खेळ तेवढा वेगळा ठरवला आहे, तो इतर खेळांसारखाच चकून खेळायला सांगा. प्रत्येक डावाला नवा सिंबा आणि नवा तरस, आणि पिवळ्या पट्ट्याच्या आत कोण हे तेव्हाच ठरणार. तुमचा मुलगा तरस झाला आणि रुसला, तर रुसू द्या. त्या रात्री जेवताना, पट्ट्याबाहेर उभे राहून काय वाटले, हे त्याला विचारता येईल, आणि हद्दीविषयी तो जे बोलेल ते दीर आणि सासरे दोघांनीही ऐकण्यासारखे असेल.

कामाच्या ताईंची माफी मागायला जाऊ नका. त्यांना त्यावर ‘नाही हो ताई, त्यात काय’ असेच म्हणावे लागेल आणि ओझे पुन्हा त्यांच्याच माथी जाईल. मुलाला मात्र एकदा, सगळे पात्रे वाटून घेत असताना, सहज विचारा की तुला आज कोण व्हायचे आहे. त्याला सिंह व्हायचे असेलच असे मुळीच नाही. तो लाल तोंडाचा म्हातारा वानर रफिकी होणे मला तरी सगळ्यात फायद्याचे वाटते: सगळ्यांत शहाणा म्हणवून घ्यायचे आणि वर काठीने सिंबाच्या डोक्यात टपली मारायची, तीही सगळ्यांदेखत.